एका दांड्यात एक काडतूस

"आत बघ, पोरी. आत बघ, मग झाक."

बापाला जाऊन किती हिवाळे लोटले, पण पिकअप नेमबाजी क्लबच्या चढावर लागली की तो आवाज आर्डिसच्या कानाशी यायचा. खरबरीत आवाज, तंबाखूचा वास असलेला. आज तो आला तो रागावूनच आला.

मांडीवर रूबार्बची भाजलेली गोड पाई होती, पायाशी काडतुसांचा पत्र्याचा डबा. शेजारी तिचा नवरा रॉइस डाव्या हाताने गाडी हाकत होता. उजव्या हातातल्या मोज्याची दोन बोटं रिकामी होती, वाऱ्यावर हलत होती. डोंगरावरचं बर्फ उतरलं होतं. वर्षातली पहिली नेमबाजी आज.

"गप्प का?" रॉइस म्हणाला.

"पाई गरम आहे. सांडेल."

"पाई कुठे सांडते का?"

तिने पत्र्याचा डबा पायांनी सावरला. मनातली गोष्ट हिवाळाभर बोलली नव्हती, तेव्हा आणखी एका चढाने काय होणार होतं.

काडतुसं भरायची बापाची प्रेस बिडाची होती, गॅरेजच्या फळीवर घट्ट बसवलेली. तिला एका वेळी एकच काम ठाऊक. झाडून झालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या लाकडी पाटात उभ्या करायच्या, पन्नासच्या पन्नास. साऱ्यांत बंदुकीची दारू मापून घालायची. मग दिवा हातात घ्यायचा, पाट जरा कलता करायचा आणि एकेका पुंगळीत डोकवायचं. इथे भरली, तिथे भरली, एखादी उपाशी नाही, एखादी दोनदा जेवलेली नाही. सगळ्यांची पातळी सारखी दिसली की मगच वर गोळी बसवायची. एकदा झाकलं की आतलं कुणाला दिसत नाही. मुलगी होती तेव्हापासून आर्डिस हेच करत आली. शाळेची बस चालवून घरी यायची, चूल पेटवायची, गॅरेजात जाऊन बसायची. क्लबातली माणसं रिकाम्या पुंगळ्या तिच्या ओट्यावर ठेवून जात, म्हणत, "आर्डिसनं भरली की डोळे मिटून मारावी."

मागच्या उन्हाळ्यात रॉइसने नवी प्रेस आणली. तिच्यात पुंगळ्या गोल तबकडीवर बसत. दांडा ओढला की तबकडी पुढे सरके, एकीत दारू पडे, दुसरीवर गोळी बसे, आणि एका दांड्यात एक काडतूस तयार होऊन खालच्या वाटीत टपकन पडे.

"तासाला पाचशे, आर्डी. तू आयुष्यभर दिवा घेऊन डोळे फोडलेस."

"आत दिसतं का पण?"

"बघायचं कशाला? तबकडी आपोआप फिरते."

"एखादा छोटा दिवा तरी लाव वर."

"तुझ्या बापाचं भूतच बसवतो ना वर, कंदील घेऊन."

बापाची प्रेस त्याने उखडली आणि फळीखाली रंगाच्या डब्यांत ढकलून दिली. तिची जुनी भोकं नव्या प्रेसला जुळेनात, म्हणून ड्रिलने मोठी केली. भुसा जमिनीवर पडला. आर्डिसने तो झाडला आणि झाडू भिंतीला नीट टेकवून ठेवला.

मग तो ऑक्टोबरचा दिवस. ती पाईचं पीठ लाटत होती. गॅरेजातून दांड्याचा ठेका येत होता, ठक आणि ठक. फोन वाजला आणि ठेका मध्येच तुटला. रॉइसचा भाऊ होता, कुठल्याशा कड्यावर एल्क हरणांचा कळप दिसला म्हणून सांगत होता. ती पिठाच्या हातांनी दारात आली. दांडा अर्ध्यावर होता. तबकडी सरकलीच नव्हती. फोन खांद्यात धरून, हसत हसत रॉइसने दांडा वर नेला आणि परत खाली ओढला. त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा दारू. एवढीशी तर असते ती दारू, दुप्पट पडली तरी काठाबाहेर येत नाही, पण पिस्तूल फोडायला पुरते.

"रॉइस, ती बाजूला काढ."

"फोनवर आहे मी, दिसत नाही का तुला?"

काडतूस टपकन वाटीत पडलं. बाकीच्यांसारखंच, चकचकीत.

त्या शनिवारी क्लबात रॉइसच्या हातात पिस्तूल फुटलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली, आणि मागे उभा राहून देखरेख करणाऱ्या डेल्बर्टच्या गालात लोखंडाचा तुकडा घुसला. अँब्युलन्समध्ये डेल्बर्टने विचारलं, कुणी भरली होती? रॉइस म्हणाला, "आर्डिसनं."

ते तिला तिसऱ्याकडून कळलं. तेव्हा तो पलंगावर पडला होता, हात गाठोड्यासारखा बांधलेला. बरा होऊ दे, तिला वाटलं, आपणहून सांगेल. ती त्याच्या बुटांच्या नाड्या बांधत राहिली, मांस कापून ताटात ठेवत राहिली. तो बरा झाला. त्याने सांगितलं नाही.

क्लबच्या शेडमध्ये चिलीचं, म्हणजे मांस-राजम्याच्या तिखट रश्शाचं भांडं वाफाळत होतं. पाई ठेवायला सगळ्यांनी जागा केली. डब्याला मात्र कुणी जागा करेना.

"मी यंदा दुकानातली काडतुसं आणली गं," म्हातारी विल्मा म्हणाली. तिची नजर मक्याच्या पावावर होती. "सेल होता."

डेल्बर्ट आला. हसला की गालावरचा व्रण एका बाजूला ओढायचा. "आर्डिस, राग मानू नको. कमिटीनं ठरवलंय. तुझी भरलेली नकोत या वर्षी. वय होतं सगळ्यांचंच, नजर जाते."

"आणि याची?"

"रॉइसची चालतील. मशीनवर भरतो ना तो."

रॉइसने आपली पेटी टेबलावर उघडून ठेवली होती. डाव्या हाताने पिस्तुलात काडतुसं सारत तो म्हणाला, "तिला पाई करू द्या रे. पाईमध्ये साखर दुप्पट पडली तर कुणाचं बोट जात नाही."

शेडमध्ये हशा पिकला. विल्मासुद्धा हसली. हसता हसता डेल्बर्ट आपल्या रोजच्या जागी जाऊन उभा राहिला, रॉइसच्या मागे, अगदी जवळ.

आर्डिसने ते पाहिलं. तो व्रण, ती जागा, ती पेटी. ओळीने उभी चकचकीत काडतुसं, आणि एकाच्याही आत कुणी पाहिलेलं नाही. इतके महिने जो राग तिने आत कोंडून वर झाकण घातलं होतं, तो किती भरलाय हे तिला त्या क्षणी कळलं.

ती टेबलाशी गेली. रॉइसची पेटी मिटली आणि तिच्यावर हात ठेवला. पिस्तुलासाठी दुसरा हात पुढे केला. तिच्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, त्याने ते दिलं.

"डेल्बर्ट," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "तुझ्या गालातला तुकडा माझा नव्हता. ती काडतुसं यानं भरली होती, याच्या मशीनवर. फोन आला, दांडा अर्ध्यावर सोडला, परत ओढला. एकीत दारू दोनदा पडली. मी दारात उभी होते, पिठाच्या हातांनी. बाजूला काढ म्हटलं, तर यानं नाही काढली."

चिलीचं भांडं रटरटत होतं. रॉइसने मोज्याची रिकामी बोटं मुठीत धरली.

"आर्डी," तो हळूच म्हणाला, "घरी बोलू."

"घरी बोलायला अख्खा हिवाळा होता, रॉइस."