रानात लपवलेली झोप

बाळांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुमची आई समोर बसून कसावाच्या कंदांची सालं काढते आहे. तुम्ही तिला काहीतरी सांगताय आणि तेवढ्यात तिच्या हातातली सुरी थांबते. मान छातीवर येते. भर सकाळी, अंगावर ऊन असताना, ती झोपते. तुम्ही हाक मारता. ती डोळे उघडून तुमच्याकडे बघते, आणि तुम्ही कोण हे तिला चटकन आठवत नाही.

लाबिला नावाच्या मुलीला अशी कल्पना करावी लागत नव्हती. तिच्या घरी हे रोजच घडत होतं.

त्यांचं इबोले गाव क्विलू नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी आहे. कसावातलं विष उतरावं म्हणून बायका कंद ओढ्याच्या डबक्यात भिजत घालतात, आणि तिथल्याच गार सावलीत झोपेचा आजार पसरवणाऱ्या माश्या असतात. माशी चावते तेव्हा सुई टोचल्यासारखं होतं. बाई मान झटकते आणि पुन्हा कामाला लागते. झोपेचा आजार पुष्कळ उशिरा दिसतो. लाबिलाची आई न्सोना हिच्या मानेमागे आधी गाठी आल्या, मग ती रात्री अंगणात फिरायला लागली, आणि आता दिवसा झोपत होती.

दरवर्षी या आजाराच्या तपासणीची गाडी येई आणि गावाची जुनी रीत सुरू होई. ज्याच्याबद्दल शंका असेल त्याला आदल्या दिवशीच रानातल्या शेतझोपडीत नेऊन ठेवायचं. बाकीच्यांनी स्वच्छ कपडे घालून आंब्याखाली रांग लावायची. यंदा रानात न्सोना होती. तिचा थोरला भाऊ मुकोको यानंच तिला नेलं होतं. त्या लोकांत बापापेक्षा मामाचा शब्द मोठा असतो. मुकोकोमामा तापट मुळीच नव्हता, पण त्याच्यासमोर वर मान करून बोलायची लाबिलाची कधी छाती झाली नव्हती.

सकाळी मामानं तिच्या हाती कसावाची भाकर आणि पाल्याची भाजी दिली. आईला दे आणि लगेच परत ये, वाटेत कोणी विचारलं तर सरपणाला चालले म्हण, असं त्यानं बजावलं.

झोपडीच्या दारात आई भिंतीला टेकून बसली होती. लाबिलानं घास भरवला. आईनं दोनदा चावला, आणि तोंड तसंच थांबलं. घास गालात राहिला. डोळे अर्धे उघडे होते, पण त्या डोळ्यांत कोणी नव्हतं. तिनं आईच्या तोंडात बोट घालून घास बाहेर काढला, घशात अडकू नये म्हणून. आई जागी झाली नाही. तिच्या घोट्यावर एक माशी बसली होती. ती हाकलली तर दुसरी आली.

लाबिला धावत सुटली. वाटभर एकच गोष्ट तिच्या मनात घोळत होती: एक दिवस हाक मारीन आणि आई उठणारच नाही.

आंब्याखाली रांग पुढे सरकत होती. तपासणीपथकाचे प्रमुख किब्वांगा होते. गाव त्यांना डॉक्टरच म्हणे. ते प्रत्येकाची मान चाचपत आणि बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेत. म्हातारा न्गेबे म्हणाला, "डॉक्टर, माझ्यात रक्त कमी आणि ताडी जास्त. तपासून उरली तर परत द्या." लोक हसले. लाबिलाच्या बोटातून थेंब निघाला तेव्हा ती हसूही शकली नाही.

उन्हं कलली. एकही रुग्ण सापडला नव्हता. किब्वांगा उभे राहिले आणि म्हणाले, की राजधानीतल्या कचेरीनं आता ठरवलं आहे: पेट्रोल थोडं आहे, गावं फार आहेत, जिथे कित्येक वर्षं रुग्ण नाही तिथे गाडी पाठवायची नाही. इबोलेची ही शेवटची तपासणी.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपलं गाव निर्मळ ठरलं, असं त्यांना वाटलं.

किब्वांगांनी मात्र टाळी वाजवली नाही. "मला एक कळत नाही," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत या रांगेत साधा थकलेला माणूस मी पाहिला नाही. सगळे लग्नाला आल्यासारखे."

मग एका बाईनं भीत भीत विचारलं, की औषध घेतल्यावर कित्येक महिने गरम खायचं नाही, उन्हात जायचं नाही, कामाला हात लावायचा नाही, मग घर कोणी चालवायचं?

"ते जुन्या औषधाच्या वेळचं, आणि तेव्हाही निम्मं ऐकीवच," किब्वांगा म्हणाले. "आता गोळ्या आहेत. भरपेट जेवून घ्यायच्या, गरम गरम जेवून. वेळेवर सापडला तर माणूस थोड्या दिवसांत कामाला लागतो आणि सरकारला खर्चही थोडाच पडतो. उशीर झाला की आजार डोक्यात चढतो. मग शहरातलं इस्पितळ, पाठीच्या कण्यात सुई, आणि तरी गेलेलं सगळं परत येत नाही. शिवाय त्याला चावलेली माशी शेजाऱ्यालाही चावते. मग एका माणसासाठी नाही, अख्ख्या गावासाठी यावं लागेल. तेवढं पेट्रोल तेव्हा असेल की नाही, कोणाला ठाऊक."

पेट्या गाडीत चढू लागल्या. चालकानं इंजिन सुरू केलं. लाबिलाला कळत होतं, ही गाडी गेली की आईपर्यंत पोचणारं दुसरं काहीच येणार नाही. ती मामाजवळ गेली.

"मामा, आई घास चावता चावता झोपली."

"हळू बोल."

"डॉक्टरांना सांग ना."

मुकोको तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्या मोठ्या मावशीला मीच घेऊन गेलो होतो दवाखान्यात. माझ्याच पाठीवरून. तिच्या हाताच्या शिरेत ते जुनं औषध सोडलं तेव्हा ती ओरडली, आग लागली म्हणून. दुसऱ्या दिवशी मी तिला पाठीवरून परत आणली, पुरायला. आता न्सोनालाही मीच नेऊ?"

लाबिलानं मामाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आजवर तिला मामाची भीती वाटत आली होती. मामालाही भीती वाटते, तीही आपल्याहून मोठी, हे तिला आत्ता दिसलं. आणि ते पाहून तिला धीर आला नाही, उलट ती आणखीच घाबरली, कारण आता मोठं असं कोणी उरलंच नव्हतं.

गाडी हलली.

तेव्हा लाबिलानं मामाचा हात धरला. तो ओला आणि गार होता. त्याला ओढत ती गाडीसमोर जाऊन उभी राहिली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "डॉक्टर, माझी आई रानात आहे. ती झोपते." मग डॉक्टरांना वाट दाखवायला, मामाचा हात न सोडता, ती वळली आणि झोपडीच्या वाटेला लागली.