पिल्लांच्या बुडाला चिकटलेली नजर

होवितेच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. नजर उतरवणाऱ्या तिबुर्सिओबाबांनी कोंबडीचं एक मलूल पिल्लू उलटं धरलं, त्याच्या बुडावरून कोंबडीचं अंडं तीनदा फिरवलं, काहीतरी पुटपुटले आणि पिल्लाची शेपटी रानतुळशीच्या कोमट पाण्यात बुडवून धरली. थोड्या वेळानं चिमटीत एक काळपट गोळा धरून त्यांनी हात उंचावला.

"ही बघा नजर! सात जणांची आहे. त्यातली एक तर मंगळवारची!"

"अगं बाई!" बायका मागं सरकल्या. पिल्लू मात्र चिवचिवत पळालं. एका पिल्लाची नजर उतरवायला बाबा एक जाडजूड कोंबडी घेत. आज त्यांच्या पायाशी दोन बांधलेल्या होत्या.

पोटुशी बाईची नजर जड असते आणि तिनं हात लावल्याशिवाय ती पुरती उतरत नाही, हे होंडुरासच्या त्या लास पावास गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शेजारची बाल्बिना सात महिन्यांची पोटुशी. होवितेकडं पिल्लं आली त्या दिवशी तिनं खोक्यात डोकावलं होतं. पुढं तीन पिल्लं मेली आणि बाल्बिना दिसली की बायका लेकरांची तोंडं शालीनं झाकू लागल्या. आता बाबांनी निकाल दिला होता : तिच्या हातानं नजर उतरली नाही, तर बाळंत होईपर्यंत तिनं गावात राहायचं नाही.

बाल्बिना आली ती रागानं लाल होऊन.

"बाबा, तुमचं अंडं आहे, मंत्र आहे. मग पाणी कशाला? एक पिल्लू कोरडंच करून दाखवा की."

"पोरी, मला शिकवतेस?"

"दाखवा ना हो बाबा," मागून कोणीतरी म्हणालं. लोकांना तमाशा हवाच होता.

बाबांनी अंडं फिरवलं. मंत्र म्हटला. पुन्हा म्हटला, या वेळी जोरात. गोळा जागचा हलेना. मग त्यांनी चिडून नखानं त्याच्या पुढची खपलीच ओढायला घेतली. पिल्लू किंचाळलं.

"अहो, ती बेंबी आहे!" बाल्बिनानं पिल्लू हिसकावून घेतलं. "ओढलीत तर आतडंच बाहेर येईल! बूड तिच्या मागं असतं. इतकी वर्षं नजरा काढता, आणि जागा माहीत नाही?"

अंगण खदखदून हसलं. बाल्बिनानं साध्या कोमट पाण्यात कापड भिजवून पिल्लाच्या बुडाला लावून ठेवलं. ना अंडं, ना मंत्र. वाळलेली शीट भिजली आणि हळूहळू सुटली. तिनं पिल्लू पुसून कोरडं केलं.

"बघितलंत?" बाबांना एकदम बळ आलं. "हिच्या हातानं उतरली! म्हणजे हिचीच होती!"

बायका पुन्हा मागं सरकल्या. बरं केलं तरी गुन्हेगार बाल्बिनाच! मग तिनं पुढचं पिल्लू होवितेच्या हातात ठेवलं.

"आता तू कर, होविते."

"मी? मला कुठं मंत्र येतात?"

"मलाही येत नाहीत. कापड धर."

होवितेनं कापड धरलं. गोळा भिजला, सुटला आणि तिच्या बोटाला चिकटला. पिल्लू पाय झाडत उठलं.

"आता सांगा बाबा, ही कोणाची? होवितेची?" बाल्बिनानं विचारलं. "डोंगरातल्या थंडीत बसच्या टपावरून पिल्लं आणलीस गं. गारठलेली. वर पाणी पाजायच्या आधी कोरडं मक्याचं पीठ घातलंस. शीट वाळली, वाट बुजली, दुसरं काही नाही. त्यांना ऊब दे, आधी पाणी पाज, रोज बूड बघत जा."

बाबा म्हणाले, "पाण्यातच मंत्र उतरला होता." पण कोणी ऐकायला थांबलं नव्हतं. होविता बांधलेल्या कोंबड्या सोडत होती.

"अगं, रागावू नकोस. आम्हाला भीती वाटली," ती पुटपुटली.

"भीती मलाही वाटते," बाल्बिना म्हणाली. "उद्या कोणाचं लेकरू आजारी पडलं तर दवाखान्यात न्या, कारण शोधा. माझे डोळे शोधू नका. दोन महिन्यांनी माझं बाळ येईल. त्याच्याकडे तरी मला डोळे भरून बघू द्याल ना?"