पोर्च म्हणू नये

आमच्या कॉलनीत जो येतो तो शहाणाच असतो. मिशिगन, ओहायो, इंडियाना, जिथे जिथे बर्फ पडतो तिथून माणसं निवृत्त होऊन येतात आणि आल्या दिवसापासून आम्हालाच वाळवंट शिकवायला लागतात. अंगणात खडी टाकतात आणि तिला हिरवा रंग मारतात. हो, हिरवा! लांबून गवत वाटावं म्हणून. गवतच बघायचं होतं तर इकडे कशाला तडफडलात? ईस्टर झाला की यातली निम्मी पाखरं थंड गावी उडून जातात, ऑक्टोबरात पुन्हा हजर, आणि मधले पाच महिने इथे भाजून निघालेल्या आम्हाला विचारतात, "उन्हाळा कसा गेला गं वेल्डा? कोरडी हवा ना, फारसा जाणवत नसेल."

मी वेल्डा प्रुइट. जन्म ॲरिझोनातल्याच कासा ग्रांदेजवळच्या कापसाच्या शेतावरचा, म्हणजे अस्सल इथलीच. माझा नवरा ड्वेन तीस वर्षं लोकांना ॲरिझोना रूम बांधून देत होता. घराच्या मागच्या ओट्यावर छप्पर घालायचं, तिन्ही बाजूंनी बारीक जाळी ताणून बसवायची, एक दार ठेवायचं, झाली ॲरिझोना रूम. ऊन अडतं, वारा येतो, विंचू बाहेर राहतो. देशात बाकी सगळीकडे याच गोष्टीला जाळीचा पोर्च म्हणतात. इथे नाही म्हणत. पोर्च म्हटलं की समजायचं, पाव्हणा परगावचा आहे.

ड्वेन गेल्यावर मी कॉलनीच्या बांधकाम समितीची चिटणीस झाले. समिती म्हणजे कोण, तर गॉर्डन फिच आणि त्याच्यापुढे माना डोलावणारे तिघे. गॉर्डनने जन्मभर विमा कंपनीत बसून लोकांचे दावे फेटाळले, आता इथे बसून खिडक्यांचे रंग फेटाळतो. भिंतीला आमच्याकडे तीनच रंग चालतात: वाळू, बदामी आणि भिजलेली माती. या तीन रंगांची पट्टी गॉर्डन खिशात घेऊन फिरतो आणि लोकांच्या भिंतीला लावून बघतो. एकदा त्याने एका बाईला कुत्र्याचं घर पुन्हा रंगवायला लावलं होतं. ती बाई रडली, आणि हा म्हणतो कसा, "नियम कुत्र्यालाही लागू."

आणि नियम तरी कसले! नियमांची वही कुणीतरी फ्लोरिडातल्या एका कॉलनीची नक्कल मारून आणली होती. तिच्या पान नऊवर लिहिलंय, घराच्या मागे जाळीचा पोर्च बांधण्यास सक्त मनाई. आणि पान एकतीस, जे इथल्या बिल्डरने मागाहून जोडलं, त्याच्यावर लिहिलंय, प्रत्येक घराला ॲरिझोना रूम बांधण्याची मुभा आहे. एकाच वहीत एकच गोष्ट बंद आणि तीच गोष्ट चालू. इथले लोक अर्जात ॲरिझोना रूम लिहितात, अर्ज आपोआप पुढे सरकतो. गॉर्डनला वाटतं या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मला दोन्ही पानं माहीत होती, कारण वही टाइप मीच केली होती. पण मी कशाला सांगू? मला कोणी विचारतं का काही?

हार्लन यॉस्ट मार्चमध्ये अर्ज घेऊन ऑफिसात आला. इंडियानाचा, उंच, खांद्यात वाकलेला, ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेला माणूस. तिकडचं घर विकून कायमचा इथे आला होता. अर्ज कसला, पाटीवर गिरवावा तसा ठळक अक्षरात लिहिलेला: जाळीचा पोर्च, बारा फूट बाय सोळा फूट. आणि खाली कारण. माझी बायको मर्ना हिला विस्मरणाचा आजार आहे. ती दार उघडून निघून जाते. आत कोंडलं तर दारावर डोकं आपटते, मोकळ्या हवेत बसवलं की शांत असते. आमची मुलगी जोलीन म्हणते, बाबा, तुम्हाला आई सांभाळता येत नसेल तर तिला इंडियानात आजारी म्हाताऱ्यांच्या संस्थेत ठेवू. मला तिला घरीच ठेवायचं आहे. उन्हाळ्याच्या आत परवानगी मिळाली तर उपकार होतील.

मी वाचत होते तोवर तो टोपी हातात धरून उभा होता.

"आमच्याकडे इंडियानात," त्याने सुरू केलं.

झालं! आमच्याकडे. या दोन शब्दांनी माझं डोकं उठतं. सगळ्यांच्या 'आमच्याकडे' सोनं पिकत होतं, मग इथे काय झक मारायला आले?

"आमच्याकडे मर्ना पोर्चवर बसून तासन्‌तास वाटाणे सोलायची, मिसेस प्रुइट. अजूनही वाडगं दिलं की बसते. जाळी असली, दाराला बाहेरून कडी असली, की मला काळजी नाही."

माझ्या जिभेवर आलं होतं. खोटं कशाला बोलू, अगदी ओठांवर आलं होतं, की अहो हार्लन, पोर्च खोडा, ॲरिझोना रूम लिहा, सही करा आणि घरी जा. तेवढ्यात तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "नवल वाटतं हो. एवढं ऊन, आणि इथल्या लोकांना कधी असा पोर्च बांधायचं सुचलं नाही."

सुचलं नाही! माझ्या नवऱ्याने तीनशेच्या वर ॲरिझोना रूम बांधल्या. गुडघे झिजवले त्याने, जाळी ओढून ओढून बोटं वाकडी झाली होती त्याची. आणि हा काल आलेला माणूस मला सांगतो, सुचलं नाही. म्हटलं, अस्सं? बरं. मग तुझं तूच बघ बाबा.

"अर्ज समितीपुढे ठेवते," म्हटलं आणि शिक्का मारला.

बैठक एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी होती. पाखरांचं सामान गाड्यांत भरून तयार होतं, सगळ्यांना पळायची घाई. गॉर्डनने चष्मा लावून अर्ज वाचला, तोही मोठ्याने, मर्नाच्या आजारासकट. मग वही उघडली.

"यॉस्ट, हे पोर्चच आहे ना?"

"हो, पोर्चच."

"पान नऊ. सक्त मनाई."

"पण माझ्या बायकोला..."

"बायका सगळ्यांना आहेत, यॉस्ट. मलाही आहे." माना डोलावणारे तिघे खी खी हसले. हार्लन हसला नाही, रागावलाही नाही. नुसता गॉर्डनकडे बघत राहिला, यंत्राचा कुठला भाग बिघडलाय ते शोधत असल्यासारखा.

"मग कुंपण तरी?" तो म्हणाला.

"कुंपणाला तर त्याहून मनाई. डोंगर दिसत नाही मग." गॉर्डनला काय वाटलं कोण जाणे, तो माझ्याकडे वळला. "काय गं वेल्डा, वही तुझी पाठ आहे. दुसरीकडे कुठे काही सवलत आहे का?"

म्हणजे विचारलं मला. चार माणसांदेखत, सरळ विचारलं. हार्लनही माझ्याकडे बघायला लागला.

"पान नऊ स्पष्ट आहे," मी म्हटलं.

त्यात खोटं काय होतं? पान नऊ स्पष्टच आहे. मी मनात म्हटलं, बघू दे यांनाही, परक्या गावात आल्यावर आधी त्या गावचे शब्द शिकावे लागतात ते. गॉर्डनने फेटाळल्याची सही केली आणि पुढची बैठक ऑक्टोबरात असं जाहीर केलं, कारण उन्हाळ्यात सभासदच नसतात.

मे महिन्यात हार्लन मला टपालपेट्यांपाशी भेटला. डोळे खोल गेलेले. कागदाच्या पिशवीत कुंडीत पिकवलेले चार टोमॅटो आणले होते माझ्यासाठी.

"घ्या, मिसेस प्रुइट. उन्हाने साल जाड झालीय, पण गोड आहेत." मग घुटमळला. "तुम्ही इथल्या. त्या कामात दुसरा काही मार्ग असेल तर..."

"ऑक्टोबरात पुन्हा अर्ज करा," मी म्हटलं.

"ऑक्टोबरपर्यंत मला झोप नाही हो. रात्री चार-चारदा उठते ती."

"कुलूप लावा."

"लावतो. मग ती डोकं आपटते." एवढं बोलून तो माझे आभार मानून गेला. कशाचे, देव जाणे. टोमॅटो खरंच गोड होते, आणि मी खाताना म्हटलंसुद्धा, उंटावरचे शहाणे कुठले, साधं कुणाला विचारत नाहीत. तो विचारूनच तर गेला होता! माणसाची जीभ स्वतःशीही कशी खोटं बोलते बघा.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमारास, मी गोल्फची गाडी घेऊन ऑफिसातून घरी निघाले होते. त्या वेळी इथे कुत्रंही सावली सोडत नाही. वळणावर रस्त्याच्या कडेला मर्ना बसलेली दिसली. घरातला झगा, मांडीवर रिकामं वाडगं, आणि अनवाणी पाय सरळ डांबरावर टेकलेले. मी ओरडले, "अगं पाय! पाय उचल, मर्ना!" तिने वर बघितलं, छान हसली आणि म्हणाली, "शेंगा कुठे ठेवल्यास गं?" पाय उचलायचे असतात हेच ती विसरली होती. मी तिला काखेत हात घालून उचललं तेव्हा तळव्याची कातडी डांबरावर राहिली.

हार्लन घरात खुर्चीवर झोपला होता. दहा मिनिटं लागला होता म्हणे डोळा. मी दार ठोठावल्यावर जागा झाला, गाडीत मर्नाला बघितलं, तिच्या पायांभोवती माझा ओला टॉवेल बघितला, आणि तो धिप्पाड माणूस दाराच्या चौकटीला धरून खाली बसला.

जोलीन दुसऱ्या दिवशी विमानाने आली. मी हॉस्पिटलात होते, कारण मर्ना कुठे, कशी सापडली ते सांगायला मला बोलावलं होतं. जोलीन बापावर एक शब्द चढ्या आवाजात बोलली नाही. "बाबा, आता पुरे," एवढंच म्हणाली. तो म्हणाला, "पोर्च झाला असता ना जोलीन, तर..." ती म्हणाली, "झाला नाही ना पण?" तीन आठवड्यांनी मर्नाला इंडियानात नेलं. हार्लनही मागोमाग गेला.

तेव्हा तरी बोलायचं मी. पण काय बोलणार? आणि कुणाला? गॉर्डनला फोन केला तर तो कुठल्या तरी तळ्यावर मासे धरत होता. "वाईट झालं गं," म्हणाला, "पण नियम सगळ्यांना सारखे." मी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या, फोन ठेवल्यावर. त्यालाच दिल्या सगळ्या.

ऑक्टोबरात हार्लन घर विकायला आला. ऑफिसात आला तेव्हा हातात घरविक्रीच्या एजंटाने केलेली जाहिरात होती. मी मर्नाची चौकशी केली. "पाय बरे झाले," तो म्हणाला, "मला ओळखत नाही आता. तिकडे दारं सगळी कोडनंबराची आहेत, त्यामुळे कुठे जात नाही." मग जाहिरात टेबलावर ठेवून एका ओळीवर बोट ठेवलं.

"मिसेस प्रुइट, यात लिहिलंय की या घराला ॲरिझोना रूम बांधायची परवानगी मिळते. एजंट म्हणतो पान एकतीसवर आहे. घेणाऱ्याने विचारलं तर मला सांगता यायला हवं. ॲरिझोना रूम म्हणजे काय हो?"

ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "जाळीचा पोर्च."

"पोर्चच?"

"तोच."

त्याने ती ओळ पुन्हा वाचली. "हे पान एप्रिलमध्ये होतं?"

"होतं."

"गॉर्डनला हे दोन्ही एकच ते माहीत नसेल."

"नाही माहीत."

"तुम्हाला?"

खोटं बोलता आलं असतं. पण माझ्याने बोलवेना. "वही मीच टाइप केलीय," मी म्हटलं.

मी वाट बघत होते, आता हा ओरडेल, टेबलावर हात आपटेल. ओरडायला हवा होता. त्याने कागदाची घडी केली, खिशात ठेवली, आणि माझ्याकडे बघून अगदी हळू विचारलं, "माझ्याकडून तुम्हाला काही वावगं बोललं गेलं होतं का?"

त्याला आठवतही नव्हतं. काय सांगू, पोर्च म्हणालात म्हणून?

"नाही हो," मी म्हटलं. "तुम्ही काहीच बोलला नव्हतात."