जेलालच्या नावचा घाणा

आमच्या किरगीझ गावातल्या बुरुलचा आपाला धर्म कळला तो अर्धा मुल्लाकडून आणि अर्धा टीव्हीकडून, आणि खरं सांगायचं तर टीव्हीकडचा वाटा जरा मोठाच होता. मुल्ला नुसतं सांगायचे, सबुरी ठेवा. टीव्हीवर सबुरी ठेवणाऱ्या बाईचं तोंड दिसायचं. गुरं बांधून झाली की आपा आणि तिची सून मीरगुल पडद्यासमोर बसायच्या. मालिका तुर्कस्तानातली. बायका, पोरं, म्हातारे, सगळ्यांच्या तोंडी भाषांतर करणाऱ्या एकाच किरगीझ बाप्याचा आवाज, आणि तोही सर्दी झाल्यासारखा. पण त्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. ह्याच मालिकेपायी आपाने शेजारच्या कानिशशी धरलेला अबोला सोडला होता, आणि दिराच्या कळपातून चुकून आलेली, मुद्दाम ठेवून घेतलेली मेंढीही परत केली होती. मुल्लांना हे वीस वर्षांत जमलं नसतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच मालिकेने तिला शिकवली नव्हती. तिचा एकुलता एक मुलगा नुरदीन लग्नानंतर थोड्याच दिवसांत रशियात लाकूडतोडीच्या कामावर गेला. पहिल्या हिवाळ्यात फोन यायचे, मग बंद झाले. बरोबरचे लोक परत आले ते म्हणाले, नदी गोठली होती, तो पलीकडे जायला निघाला, पुढे कुणाला दिसला नाही. त्याला आता कित्येक वर्षं झाली. गाव काय ते समजलं. आपा समजायला तयार नव्हती.

आमच्याकडे शुक्रवारी तेल तापवून बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळतात. तळणाचा वास मेलेल्यांपर्यंत पोचतो आणि त्यांचं पोट भरतं. ज्याच्या नावाने कुणी तळत नाही, तो बिचारा दुसऱ्यांच्या दाराशी घुटमळत राहतो. आपा दर शुक्रवारी नवऱ्याच्या नावाने तळायची, सासू-सासऱ्यांच्या नावाने तळायची. नुरदीनच्या नावाने तिने कधी कढई चढवली नाही. आणि आईने मुलाच्या नावचा घाणा घातल्याशिवाय सून विधवा ठरत नाही, हे तर पोरासोरांनाही ठाऊक. दुधाची गाडी चालवणाऱ्या शारशेनने, बायको वारलेल्या भल्या माणसाने, दोनदा आपल्या बहिणीला मीरगुलसाठी मागणी घालायला पाठवलं होतं. आपाने दोन्ही वेळा चहा पाजला आणि हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मीरगुलने तोंडातून ब्र काढला नाही. तिची तरुणपणाची वर्षं त्या एका कढईपाशी अडून बसली होती.

मग मालिकेतला जेलाल मेला. शिपाई गडी, अनाथ, वाग्दत्त वधूला मागे सोडून सरहद्दीवर गेला आणि बर्फाच्या कड्याखाली गाडला गेला. दोघी सासवासुना डोक्याचे रुमाल भिजेपर्यंत रडल्या. शुक्रवार उजाडला तशी आपा कणीक मळायला बसली.

वासावर कानिश आलीच. "आज कुणाच्या नावचं गं?"

"जेलालच्या."

कानिशला हसता हसता खाली बसावं लागलं. "अगं बये, तो नट ठणठणीत आहे. साबणाच्या जाहिरातीत शर्ट धुतोय."

"नट असेल. जेलाल तर मेला ना? त्याला आई नाही, बहीण नाही. त्याला कोण पाठवणार वास?"

गावभर हसू झालं. दुवा मागायला मुल्लांना बोलावलं, तर ते आधी चिडले, मग ताटातल्या गरम बोरसोकांकडे पाहून विचारात पडले. शेवटी म्हणाले, जगात बेवारस मेलेले शिपाई काय थोडे आहेत, कुणाला द्यायचं ते अल्ला बघून घेईल. दुवा झाली, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. मीरगुल चहा ओतत होती. ती मध्येच थांबली.

"आपा, त्याला कुणी नाही म्हणून तुम्ही तेल तापवलंत," ती हळूच म्हणाली. "नुरदीनला तर तुम्ही आहात. मग तो का उपाशी?"

आपल्या वाट पाहण्याने पोराची उपासमार होत असेल, हे आपाच्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. ती उठली, चूल पुन्हा पेटवली, उरलेल्या कणकेचा घाणा कढईत सोडला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मुलाचं नाव मेलेल्यांच्या नावांत घेतलं. मग जमिनीवर बसून तिने जो हंबरडा फोडला, तो ऐकून हसणारं गाव गप्प झालं.

शारशेनकडे निरोप गेला. निकाह ठरला. आदल्या संध्याकाळी मीरगुलचं गाठोडं दाराशी बांधून ठेवलं होतं, आणि शेवटचं एकदा बरोबर बघू म्हणून दोघी मालिकेसमोर बसल्या.

आणि जेलाल परत आला. कुणा मेंढपाळाने म्हणे त्याला बर्फातून उपसून काढलं होतं. दाढी वाढलेला, लंगडत, तो वधूच्या दाराशी उभा राहिला आणि सर्दीवाल्या आवाजात म्हणाला, मी आलो.

आपाला त्या उंबऱ्यावर जेलाल दिसलाच नाही. नुरदीन दिसला, रोडावलेला, तिच्याच हातच्या लोकरी टोपीतला. इतकी आस तिला तो गेला त्या दिवशीही लागली नव्हती. एक शब्द बोलायचा अवकाश होता. घाणा घाईत घातला, निकाह थांबवा, एवढंच. ही मालिका आजवर तिच्याशी कधी खोटं बोलली नव्हती.

मीरगुल पांढरीफटक पडली होती. कुणी काही न सांगताच ती उठली, दाराशी गेली आणि गाठोड्याची गाठ सोडू लागली.

"राहू दे ते," आपा म्हणाली.

"पण आपा, नुरदीनही असाच आला तर?"

आपाने टीव्ही बंद केला. "आला तर मी आहे ना घरात," ती म्हणाली. "वाट बघायला मी एकटी पुरे, पोरी. तू जा."