हनुवटी वर, हनुवटी खाली

भिंग पहिलं.

आईचा नवा चष्मा कालच आला. प्रोग्रेसिव्ह. वरच्या भागातून लांबचं दिसतं, खालच्या भागातून जवळचं, मध्ये मधलं. आज तो घालून ती पहिल्यांदाच त्याच्या आईला भेटायला आली होती. त्याच्या म्हणजे ज्याच्याशी मला लग्न करायचंय त्याच्या. दोन्ही आयांचा होकार आला तरच करायचं, असं आम्हीच अतिशहाणपणाने ठरवून बसलो होतो.

खोली लहान, खुर्च्या जवळजवळ. समोरचा चेहरा नीट दिसेना, म्हणून आईने हनुवटी उचलली. अजून उचलली. आता ती त्या बाईंकडे नाकाच्या शेंड्यावरून बघत होती. भाजी शिळी आहे हे लांबूनच कळल्यासारखी.

भिंग दुसरं. प्रसंग तोच.

त्याच्या आईचा चष्मा नुसता वाचायचा. तो नाकाच्या टोकावर. समोरचं बघायला ती हनुवटी खाली घालते आणि काचेच्या वरून डोळे वटारते. कॉपी पकडल्यासारखी.

आधीचं स्पष्ट होतं की हे? सावकाश सांगा.

"बिस्किट घ्या ना," त्याची आई काचेवरून म्हणाली.

"नको. पोटभर खाऊन आलेय," आई नाकावरून.

"हो, दिसतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे तृप्त दिसताय."

स्वयंपाकघरात तो कुजबुजला, "तुझी आई नेहमीच इतकी ताठ असते?"

"आणि तुझी? झडती घेतेय की काय!"

मायनसच्या जाड काचांआड त्याचे डोळे मुळातच बारीक दिसतात. आता ते मोहरीएवढे झाले. होकार राहिला बाजूला, आमचंच मोडायची वेळ आली.

बाहेरून आईचा आवाज आला, "चल गं. निघू या."

भिंग नाही. उघडे डोळे.

आई जिन्याच्या तोंडाशी उभी. कठडा घट्ट धरलेला, हनुवटी वर, पाऊल काही उचलेना.

"काय, उचलून न्यायला माणसं बोलावू?" त्याची आई.

"पायऱ्या हलताहेत," आई पुटपुटली.

"काय?"

"पायऱ्या हो! पोहताहेत मेल्या!"

त्याच्या आईने स्वतःचा चष्मा डोळ्यांवर सरकवला, जवळ येऊन आईच्या काचांकडे निरखून पाहिलं. "अगं बाई, प्रोग्रेसिव्ह! म्हणजे मघापासून ते नाक…"

"तुमचा चेहराच सापडत नव्हता मला. आणि तुम्ही का डोळे वटारत होतात?"

"काचेतून बघितलं तर तुम्ही नुसतं धुक्याचं गाठोडं! मीही घेतला होता असला. पहिल्याच दिवशी गटारात पडले, परत करून आले. हे बघा, खालच्या काचेतून पायरी बघायची नाही. हनुवटी छातीला लावा, वरच्या काचेतून बघा."

आईची मान तशीच.

"लावा हो. मी बघत नाही."

आणि खरंच तिने तोंड भिंतीकडे फिरवलं, हात मात्र पुढे केला.

दोघी हात धरून उतरू लागल्या. आम्ही वरच. आम्हाला कोणी बोलावलंच नाही.

"मुलाचा नंबर किती हो?" खालून आईचा आवाज.

"मायनस आठ."

"बाप रे! आमच्या हिचा सहा."

पावलं थांबली.

"मग पोरांचं कसं व्हायचं, विहीणबाई?" आईच पुढे म्हणाली.

"वर्षाची झाली की डोळे तपासून आणायचे. मी नेईन."

"तुम्ही का? मी नेईन!"

"तुम्ही आधी हा जिना तर उतरा."