शालीच्या उबेची लेक

इकडे, काचपेटीत बघा. मी बोलतेय, दाढीवाली सरडी. दाढी बघून चक्रावू नका, आमच्यात बायकांनाही असते. आमची धाव कुंपणापर्यंत म्हणून तुम्ही हसता, रंग बदलण्यावरून नावं ठेवता. अहो, रंगाचं काय घेऊन बसलात! माझ्या अंगात जे घडलंय ते ऐकाल तर तोंडात बोटं घालाल. मी स्वतः अजून घालतेच आहे.

माझा जन्म थर्माकोलच्या खोक्यातला. माझी मालकीण कॉलेजात शिकवते आणि सरड्यांवर संशोधन करते. प्रयोगशाळेचं छत गळायला लागलं म्हणून तिने आमची अंडी घरी आणली आणि मागच्या खोलीत ठेवली. खोक्यात उबेला बल्ब, झाकणाला हवेसाठी भोकं. ऊब अगदी बेताची हवी होती, कारण याच अंड्यांवर तिचा प्रबंध उभा राहायचा होता.

घरात तिची आई. लेक कामावर गेली की ही माउली आमच्यापाशी येऊन बसायची. "गारठलात का रे बाळांनो?" म्हणायची आणि अंगावरची शाल खोक्यावर पांघरायची. संध्याकाळी तीच शाल पुन्हा तिच्या खांद्यावर. भोकं बुजायची आणि आत आम्ही चांगले शेकून निघायचो.

एक दिवस लेक दुपारीच घरी आली. खोक्यावरची शाल बघून तिचा तोलच सुटला.

"आई, काय करून ठेवलंस हे! सगळी मेहनत पाण्यात गेली माझी!"

"अगं, लेकरांना थंडी वाजेल म्हणून..."

"तुला कुणी सांगितलं होतं?"

आईने शाल उचलून कपाटात ठेवली. ती पुन्हा त्या खोलीत फिरकली नाही, आणि मायलेकींचं बोलणं 'मीठ दे', 'दार लाव' एवढ्यावर आलं. लेकीचं वाटोळं आपण केलं, हेच तिच्या मनाने घेतलं. मला फार वाईट वाटायचं, पण सरडीचं कोण ऐकतो?

आम्ही मात्र धडधाकट निपजलो. वर्षभराने मोठे झाल्यावर मालकिणीने एकेकाची शेपटी वर करून पाहिली. सगळ्या माद्या! एक म्हणून नर नाही. मग तिने रक्त तपासलं. आमच्यात गुणसूत्रांची एक जोडी असते. जोडीतली दोन्ही सारखी असली तर नर, वेगवेगळी असली तर मादी. माझी निघाली सारखी. म्हणजे मी नर! आणि त्याच आठवड्यात, कोंबडी घालते तशी नराशिवायच, मी वाळू उकरून अंडी घातली.

नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून तिने पुन्हा तपासलं. तेच. ती माझ्या पेटीसमोर स्टूल ओढून बसली. "पुस्तकात वाचलं होतं," ती पुटपुटली, "पण डोळ्यांदेखत..."

माझ्या कणाकणात 'नर' लिहिलेलं होतं, आणि अंड्यात असतानाच त्या उबेनं ते बाजूला सारून मला मादी केलं. केवढं हे! मी कितीतरी वेळ माझ्याच अंड्यांकडे बघत राहिले.

मालकीण उठली आणि आईला हाताला धरून घेऊन आली. "आई, ही खरं तर मुलगा व्हायची. तुझ्या शालीने मुलगी झाली."

"म्हणजे मी नासाडी नाही केली?"

"नाही गं. आता माझा सगळा प्रबंध तुझ्या शालीवर उभा राहणार. त्या दिवशी मी वाट्टेल ते बोलले. चुकलं माझं."

आई काचेला टेकली. मला म्हणाली की लेकीला, कळलं नाही, "तू झालीस तेव्हा सासूबाईंनी तोंड फिरवलं होतं. मुलगीच दिली म्हणून जन्मभर ऐकवलं मला."

"माणसांत ते बापाकडून ठरतं, आई. तुझा काही हात नव्हता त्यात."

"हो का?" तिने काचेवर बोट टेकवलं. "पण इथे होता ना?"

"इथे सगळा तुझाच."

आता मी थकलेय. बल्बखाली डोळे मिटून पडून असते. माझं एकच मागणं आहे. मी गेल्यावरही त्या माउलीला या खोलीत कुणी अडवू नका.

परवा शेजारीण आली होती. आईने शाल सावरली, मला तळहातावर घेतलं आणि ताठ मानेनं सांगितलं, "ही मुलगी झाली ना, ती माझ्यामुळे!"