ऐकतोस ना?

मास्तरांनी मात्रा पुन्हा मोजल्या. सोळा, सोळा, आठ. कुठेही चूक नव्हती, आणि त्यामुळेच त्यांचा संशय बळावला.

दार उघडले, दार मिटवले
दिवस तुझे मी नीट ठेवले
ऐकतोस ना?

बायकोने ग्रंथालयातून आणलेल्या कादंबरीत हा कागद सापडला होता. अक्षर तिचंच. चौतीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याला ‘अहो’खेरीज हाक मारली नव्हती. मग हा ‘तू’ कोण? आणि तिला मात्रा शिकवल्या कोणी?

मास्तरांची उभी हयात मुलांना वृत्तं शिकवण्यात गेली होती. पहिल्या तीन कडव्यांत यमक चोख, शेवटी तीच विचारणा. चौथ्या कडव्यात मात्र यमकही नाही आणि ‘ऐकतोस ना’ही नाही. इथे काहीतरी दडवलंय, असं त्यांच्या मनाने घेतलं. ग्रंथपाल कविता करतो हे त्यांना ठाऊक होतं. दर बुधवारी तिला तिथून यायला वीस मिनिटं उशीर होतो, हेही. त्यांनी त्याची एक छापील कविता पैदा केली आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून तपासले. त्याची ओळ कुठे नऊ मात्रांची, कुठे तेवीस. यमकाचा तर पत्ताच नाही. माणूस सुटला, पण मास्तरांचा जीव थाऱ्यावर येईना. आठवडाभर ते तिच्या फोनकडे, पिशवीकडे, चेहऱ्याकडे चोरून बघत राहिले.

शेवटी एका दुपारी ती इस्त्री करत असताना त्यांनी कागद पुढे केला.

“यातला हा ‘तू’ कोण?”

तिने इस्त्री उभी ठेवली. कागद ओळखला. रागावली मात्र नाही.

“तुम्हीच. मनातल्या मनात मी तुम्हाला तूच म्हणते. पहिल्यापासून.”

मास्तरांना खरं वाटेना. वर्गात उलटतपासणी घ्यावी तशा आवाजात त्यांनी विचारलं, की मग शेवटच्या कडव्यातलं ध्रुवपद कसं काय गळलं?

“गळलं नाही,” ती म्हणाली. “तिथवर येईतो मी विचारायचं सोडून दिलं होतं.”

वृत्तात नीट बसलंय, असं काहीतरी मास्तर पुटपुटले आणि स्वतःच ओशाळले. मग जरा वेळाने त्यांनी तिला कविता वाचून दाखवायला सांगितलं.

हातातलं आधी उरकू दे, म्हणाली ती, आणि सदऱ्याच्या कॉलरवर पाण्याचा हात फिरवला.

मास्तर स्टूल ओढून शेजारी बसले. कपड्यांचा ढीग बराच मोठा होता.